अप्पांचा डावा कान : चेहरा काढायला शिकवणाऱ्या दोन पुस्तकांविषयी

बेटी एडवर्ड्स यांचं ‘ड्रॉइंग ऑन द राइट साइड ऑफ द ब्रेन’ हे पुस्तक उघडलं, की पहिलं काम मिळतं ते स्वतःची फजिती करून घेण्याचं. काहीही शिकवण्याआधी बाई चित्रं काढायला लावतात. आरशात बघून स्वतःचं, स्वतःच्या हाताचं आणि आठवणीतून एका माणसाचं. चित्रांवर तारीख टाकायची आणि ती जपून ठेवायची. आठवणीतला माणूस म्हणून मी वडिलांना निवडलं. अप्पांना अठ्ठावीस वर्षं बघतोय, तेव्हा हे त्यातल्या त्यात सोपं जाईल असा माझा हिशेब होता. अर्ध्या तासानं कागदावर जो माणूस उतरला त्याला चष्मा होता, मिशी होती, गळ्यात टेप होती. टेप पुसली असती तर तो तासगावातला कुणीही खपला असता.

या गोष्टीला दीड वर्ष झालं. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, अप्पा तासगावात शिंपीकाम करतात. तेव्हापासून मी जवळजवळ रोज अर्धा तास चेहरे काढतो. त्यात मला सोबत झाली ती दोन पुस्तकांची. एक एडवर्ड्सबाईंचं आणि दुसरं अँड्र्यू लूमिसचं ‘ड्रॉइंग द हेड अँड हँड्स’. चित्रकला घरी शिकायची म्हटलं की हीच दोन नावं आधी कानावर येतात. दोन्ही पुस्तकं चांगली आहेत. पण ती काय देतात आणि नेमकी कुठे हात सोडतात, हे सराव केल्याशिवाय कळत नाही. त्याबद्दल हे लिखाण.

स्मरणचित्रातली बाई

आपल्यापैकी अनेकांनी शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या असतील. मीही दिल्या. त्यात स्मरणचित्राचा पेपर असायचा. ‘बाजार’, ‘बसस्टॉप’, ‘पाणी भरणाऱ्या बायका’ असे विषय. आम्ही काय करायचो? चार-पाच आकृत्या पाठ करायचो. एक डोक्यावर पाटी घेतलेली बाई, एक छत्रीवाला माणूस, एक आईचा हात धरलेलं पोर. विषय कुठलाही येवो, ही मंडळी जागा बदलून उभी राहायची. त्या बाईला मी दोन वर्षांत किमान पन्नास वेळा काढलं असेल. खरी बाई समोर उभी करून एकदाही काढलं नाही.

एडवर्ड्सबाईंच्या पुस्तकाचा गाभा हाच आहे. त्यांचं म्हणणं असं, की लहानपणी आपण प्रत्येक गोष्टीसाठी एक खूण ठरवून टाकतो. डोळा म्हणजे बदामाचा आकार आणि मध्ये गोळा, नाक म्हणजे दोन भोकं, तोंड म्हणजे आडवी रेघ. नऊ-दहा वर्षांचं झाल्यावर मुलांना चित्र खऱ्यासारखं हवं असतं, पण हातात या खुणाच येतात. मग ‘मला चित्र येत नाही’ असं म्हणून बहुतेक जण वही मिटतात. मोठं झाल्यावर पुन्हा पेन्सिल धरली तरी हात त्याच वयात थांबलेला असतो.

यावरचा त्यांचा दिलासा मला फार आवडला. हाताचा प्रश्नच नाही, त्या म्हणतात. ज्याला वाचता येईल असं लिहिता येतं त्याच्या हातात चित्रापुरतं कौशल्य असतंच. शिकायचं असतं ते बघणं. आणि वाचायला शिकवता येतं तसं बघायलाही शिकवता येतं. ‘चित्रकला रक्तात असावी लागते’ हे ऐकत वाढलेल्या माणसाला हे वाक्य म्हणजे बंद दारावरची कडी कुणी काढल्यासारखं वाटतं.

चुकीची कमेंट, चालणारा कोड

१९७९ साली आलेल्या या पुस्तकाचा आधार होता रॉजर स्पेरी यांचं संशोधन. मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा दुवा शस्त्रक्रियेनं कापलेल्या रुग्णांचा स्पेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला होता. दोन्ही बाजूंची कामं काही प्रमाणात वेगळी आहेत हे त्यातून दिसलं. १९८१ साली स्पेरींना नोबेलही मिळालं. बाईंनी त्यावरून एक सुटसुटीत मांडणी केली. डावी बाजू शब्दांची, नावं देण्याची. उजवी बाजू आकारांची. चित्र काढताना डावीला गप्प बसवायचं आणि उजवीला काम करू द्यायचं.

पुस्तक गाजलं ते या मांडणीमुळे, आणि तिथेच ते सगळ्यात कच्चं आहे. एखादं गुंतागुंतीचं काम मेंदूच्या एकाच बाजूला नेमून देता येत नाही. चित्र काढताना दोन्ही बाजू राबतात. २०१३ साली युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी हजाराहून जास्त लोकांच्या मेंदूंचे स्कॅन तपासले, तेव्हा काही माणसं ‘डाव्या मेंदूची’ आणि काही ‘उजव्या मेंदूची’ असतात याला त्यांना पुरावा सापडला नाही. पुढच्या आवृत्त्यांत बाईंनीही थोडं सावरून घेतलंय. बाजूंपेक्षा विचार करण्याच्या दोन पद्धतींवर भर दिलाय. पण नाव तेच राहिलं, आणि लोकांच्या लक्षात नावच राहतं.

तरीही पुस्तकातले स्वाध्याय चालतात. आमच्या धंद्यात असे प्रसंग नेहमी येतात. कुणीतरी दहा वर्षांपूर्वी लिहिलेलं फंक्शन व्यवस्थित चालत असतं, वर लिहिलेली कमेंट मात्र साफ चुकीची असते. शहाणा माणूस कमेंट बदलतो, फंक्शनला हात लावत नाही.

सगळ्यात प्रसिद्ध स्वाध्याय पिकासोच्या चित्राचा. १९२० साली पिकासोनं संगीतकार इगोर स्त्राविन्स्कीचं नुसत्या रेघांचं एक चित्र काढलं होतं. ते उलटं ठेवायचं आणि उलटंच उतरवायचं. मी काढलं. पाऊण तास रेघेमागून रेघ. ही कुठे वळते, त्या दोघींच्या मध्ये केवढी जागा सुटते, एवढंच बघायचं. कागद सरळ केला तर खुर्चीत एक चष्मेवाला माणूस बसलेला! बोटांत बोटं अडकवलेली, चक्क बऱ्यापैकी. आठ दिवसांपूर्वी ज्याला वडिलांची मिशी धड काढता आली नव्हती त्यानं काढलेला.

हे का घडतं, याचं मला पटलेलं उत्तर चेहरे ओळखण्याच्या अभ्यासात आहे. उलटा केल्यावर कुठलीही गोष्ट ओळखायला थोडी जड जाते, पण चेहरा फारच जड जातो, हे १९६९ सालीच नोंदवलं गेलंय. चेहरा आपण तुकड्यातुकड्यांत वाचत नाही, एका घासात गिळतो. १९८० साली पीटर थॉम्पसन यांनी मार्गारेट थॅचर यांच्या फोटोत डोळे आणि तोंड तेवढं कापून उलटं चिकटवलं. फोटो उलटा धरला तर काही खटकत नाही, सरळ केला तर दचकायला होतं. म्हणजे उलट्या चेहऱ्यात आपली ती गिळण्याची सवय बंद पडते आणि नाइलाजानं आपण तुकडे बघू लागतो. आत्ता हातातल्या फोनमध्ये घरातल्या कुणाचा तरी फोटो उघडा आणि फोन उलटा धरून दोन मिनिटं बघा. नाक आणि ओठ यांच्यातलं अंतर कदाचित पहिल्यांदाच दिसेल.

चाळीस नंबरचं डोकं

एडवर्ड्सबाईंनी रेघ दिली, पण माझे चेहरे कागदावर चिकटवल्यासारखे सपाट यायचे. म्हणून लूमिसकडे गेलो. १९५६ सालचं हे पुस्तक एका मुरलेल्या अमेरिकन इलस्ट्रेटरनं लिहिलंय. पद्धत अशी : आधी एक चेंडू काढायचा. त्याच्या दोन्ही बाजू चकतीसारख्या कापायच्या, कारण कवटी कानांपाशी चपटी असते. चेंडूभोवती भुवईची रेघ आणि चेहऱ्याच्या मधोमध उभी रेघ. मग केसांची सुरुवात ते भुवई, भुवई ते नाकाचं टोक, नाक ते हनुवटी असे तीन सारखे भाग. डोकं वर, खाली, तिरकं कसंही फिरवा, रेघा सोबत फिरतात. डोकं ही एक घन वस्तू आहे, तिला मागची बाजू आहे, हे हाताला कळतं ते इथे.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा हे सगळं मी अप्पांना मोठ्या उत्साहानं समजावलं. डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात. दोन डोळ्यांच्या मधोमध एक डोळा मावतो. कान भुवईपासून नाकाच्या टोकापर्यंत. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “हा फर्मा झाला.”

फर्मा म्हणजे कापडावर ठेवून खडूनं आखायचा पुठ्ठ्याचा साचा. अडतीस, चाळीस, बेचाळीस. अप्पांच्या दुकानात ते खिळ्याला टांगलेले असतात. “फर्म्यावर कापला की शर्ट होतो. अंगाला बसंल असं नाही. एकाचा खांदा उतरता असतो, एकाचा मुंढा मोठा असतो. गिऱ्हाईक आपल्याकडं येतंय ते तेवढ्यासाठीच, नाहीतर रेडिमेड काय वाईट आहे?”

लूमिसवरची याहून नेमकी टीका मी वाचलेली नाही. त्याचं डोकं हे चाळीस नंबरचं रेडिमेड आहे. त्यातही ते त्या काळच्या अमेरिकन मासिकांतल्या जाहिरातींमधल्या देखण्या गोऱ्या माणसाच्या मापाचं. चौकोनी जबडा, सरळ नाक, हनुवटी पुढे. लूमिस स्वतः वेगवेगळ्या वळणांचे चेहरे काढतो, पण त्याची सुरुवात आदर्श डोक्यापासून होते. शिकणारा मात्र तिथेच घर करतो. माझ्या वहीत तीन महिने जे चेहरे आले ते सगळे एकमेकांचे चुलतभाऊ होते. शाळेतल्या त्या पाटीवाल्या बाईच्या जागी मी आता चेंडूवाला साहेब पाठ केला होता, एवढाच फरक.

साम्य येतं ते फर्म्यापासून माणूस जिथे सुटतो तिथे. भुवई ते नाक आणि नाक ते हनुवटी हे भाग पुस्तकात सारखे असतात. माझ्या आईचा नाकाखालचा भाग चांगलाच आखूड आहे. तो फरक धरला की आई दिसते. तो सोडून पापणीची केसन् केस काढली तरी दिसत नाही.

मोजलेले दिवस

याच काळात मी शंभर दिवसांचं एक चॅलेंज घेतलं होतं. रोज एक चेहरा, रोज अ‍ॅपवर खूण. साठाव्या दिवशी मागे वळून बघितलं तर आकडा तेवढा वाढलेला दिसला. विसाव्या दिवसाची चूक साठाव्या दिवशीही तशीच होती, आता ती फक्त जास्त सफाईनं होत होती. मी फोटोवरून काढायचो, संपवायचो, पान उलटायचो. मूळ फोटोशी चित्र ताडून पाहत नव्हतो. शिवाय हातभर अंतरावरून घेतलेल्या सेल्फीत नाक मोठं होतं आणि कान मागे जातात. म्हणजे ज्याच्यावरून काढायचं तेच वाकडं.

सरावाबद्दल दोन्ही पुस्तकं फारसं बोलत नाहीत. एडवर्ड्सबाईंच्या पुस्तकात विद्यार्थ्यांची ‘आधी’ आणि ‘नंतर’ची चित्रं आहेत, मध्ये पाच दिवसांचा वर्ग. बघून थक्क व्हायला होतं. पण त्या पाच दिवसांत शेजारी उभं राहून चूक दाखवणारं कुणीतरी असतं, आणि सहाव्या दिवशी काय होतं ते आपल्याला दिसत नाही.

सहाव्या दिवसानंतरचं बघायचं तर व्हिन्सेंट व्हॅन गॉगकडे जावं लागतं. १८८० साली, बेल्जियमच्या खाणींच्या भागात राहत असताना, त्यानं चित्रकार व्हायचं ठरवलं. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. आपल्याला वाटतं तो वेडाच्या भरात रंग फासत सुटला असेल. प्रत्यक्षात त्यानं शार्ल बार्ग यांचा छापील अभ्यासक्रम मिळवला आणि त्यातले कोळशानं काढायचे साठ नमुने उतरवून काढले. मग ते पुन्हा काढले. म्हणजे सुरुवात फर्म्यापासूनच.

पुढचं महत्त्वाचं आहे. १८८२ साली हेगमध्ये त्यानं वृद्धाश्रमातल्या एका म्हाताऱ्याला समोर बसवून पुन्हापुन्हा काढलं. प्रमाण चुकू नये म्हणून दोऱ्या ताणलेली लाकडी चौकट करवून घेतली. एडवर्ड्सबाई प्लास्टिकच्या पारदर्शक तुकड्यावर रेघा आखायला लावतात, ती तिचीच नात. १८८४-८५ च्या हिवाळ्यात न्यूनेन गावात त्यानं शेतकऱ्यांचे सुमारे चाळीस चेहरे रंगवले आणि मगच ‘बटाटे खाणारे’ हे चित्र केलं. पुढे गावातल्या पाद्र्यानं लोकांना त्याच्यासमोर बसायला मनाई केली, तेव्हा त्याचे चेहरे थांबले. पॅरिसमध्ये समोर बसवायच्या माणसांना द्यायला पैसे नव्हते, म्हणून आरसा. त्याच्या पस्तीसेक आत्मचित्रांमागे हे साधं कारण बरंचसं आहे. आणि १८९० साली, मरणाच्या काही आठवडे आधी, त्यानं बार्गचे तेच नमुने भावाकडून पुन्हा मागवले. दहा वर्षांनी, इतकं सगळं करून झाल्यावर.

यातून मला जे समजलं ते असं. छापील नमुना हवाच, आणि पुन्हापुन्हा त्याच्याकडे जायला लाजू नये. पण चेहरा शिकायचा तर समोर माणूस लागतो, आणि माणूस समोर बसणं ही मेहेरबानी असते. तो आपला वेळ देतो. फोटो फुकट असतो, तो कंटाळत नाही आणि आपल्याला चूक म्हणत नाही.

पेन्सिल

म्हणून त्या दिवाळीत पंधरा दिवस घरून काम घेतलं आणि रोज संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर अप्पांना वीस मिनिटं बसवलं. आठ चित्रं झाली. प्रत्येक वेळी एकच अडचण यायची. त्यांचा डावा कान मला जास्त दिसायचा, उजवा जवळपास नाहीच. लूमिसची मधली उभी रेघ एका बाजूला सरकायची. मी म्हणायचो, “अप्पा, सरळ बसा.” ते म्हणायचे, “सरळच बसलोय.” मग मी रबर घ्यायचो, मधली रेघ मध्ये आणायचो आणि दोन्ही कान सारखे करायचो.

नवव्या दिवशी मी पेन्सिलनं माप घेत होतो. हात ताठ, कोपर न वाकवता पेन्सिल समोर धरायची, एक डोळा मिटायचा आणि पेन्सिलीवर अंगठा सरकवून लांबी घ्यायची. मापाचं काम म्हटल्यावर अप्पांना राहवेना.

“आण इकडं. बघू तुझी टेप.”

त्यांनी पेन्सिल धरली. डावा डोळा मिटला. हात तसाच राहिला. मग म्हणाले, “हं, हा नको,” आणि डावा उघडून उजवा मिटला. “आता बरोबर.”

मी विचारलं, “त्या डोळ्यानं काय झालं?”

“काय नाही. जरा धुरकट दिसतंय.”

“कधीपासून?”

आतून आईनं उत्तर दिलं. “उन्हाळ्यापासून सुईत दोरा मीच ओवतीय.”

आईला दोरा ओवताना मी तीन-चारदा पाहिलं होतं. मला ते गोड वाटलं होतं.

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. नीट दिसणारा डावा डोळा समोर आणण्यासाठी ते मान उजवीकडे वळवून बघत होते, इतके महिने, आणि त्यांच्या मते सरळच. पुढच्या महिन्यात ऑपरेशन झालं. आता ते स्वतः दोरा ओवतात. मोठं काही घडलं नाही.

पण ती आठ चित्रं माझ्याकडे आहेत. त्यातल्या काही चित्रांत अप्पा बऱ्यापैकी अप्पांसारखे आलेत. मान वळवलेले अप्पा मात्र एकाही चित्रात नाहीत. एडवर्ड्सबाईंनी सांगितलं होतं, जे दिसतं ते काढ. मला आठही वेळा दिसलं होतं आणि आठही वेळा मी ते फर्म्याप्रमाणे दुरुस्त केलं. अप्पा शिवण चुकली की ब्लेडनं उसवतात, ते कापडाकडे बघून. मी बरोबर असलेली शिवण पुस्तकाकडे बघून उसवली होती.

त्यामुळे एडवर्ड्सबाईंविषयी माझी तक्रार मेंदूच्या बाजूंची नाहीच. ती मांडणी सोडून देता येते. तक्रार ही आहे, की खुणा एकदा मोडल्या की मोकळं बघता येतं असं हे पुस्तक भासवतं. खुणा परत तयार होतात. शाळेतली बाई जाते, चेंडूवाला साहेब येतो, तो गेला की ‘माझी शैली’ नावाचं काहीतरी येऊन बसतं. पाच दिवसांचा वर्ग त्यासाठी पुरत नाही. लूमिसविषयीची तक्रार अप्पांनी सांगितलीच आहे, आणि तिला जबाबदार लूमिसपेक्षा मी जास्त आहे.

कुणी विचारलं तर मी सांगेन, एडवर्ड्स आधी वाचा आणि पहिली तीन प्रकरणं भराभर उलटा. स्वाध्याय मात्र एकही गाळू नका. लूमिस शेजारी ठेवा, डोकं फिरवायला शिकण्यापुरता. मग दोन्ही मिटा आणि घरात कुणाला तरी वीस मिनिटं मागा. चित्र झालं की ते चेहऱ्याशेजारी धरा आणि काय सुटलं ते कोपऱ्यात लिहा. मी हल्ली दिवस मोजत नाही, या ओळी वाचतो. त्याच त्या ओळी पुन्हा दिसल्या की कळतं कुठे अडलंय. आणि पुस्तकाप्रमाणे चेहरा येत नसेल तर रबर उचलण्याआधी एकदा विचारा.

गेल्या आठवड्यात मी पहिल्या दिवसाचा स्वाध्याय पुन्हा केला. अप्पा, आठवणीतून. या वेळी टेप काढली नाही. फोटो घेऊन पाठवला. थोड्या वेळानं फोन आला.

“चेहरा बरा आलाय. कॉलर चुकलीय. डावं टोक मोठं आहे.”

मी पट्टी लावून बघितलं. अर्ध्या सेंटिमीटरनं मोठं होतं.